टपालानें घडलेला इंग्रजीचा शिक्षक

नागपुराहून पश्चिमेस अमरावतीकडे जो हमरस्ता निघतो त्यावर प्रथम नागपूर विद्यापीठाचा परिसर लागतो, पुढें हिंदुस्थान कॉलनींत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचें विभागीय केंद्र लागतें, आणि शहर मागें पडूं लागलें म्हणजे वाडी लागते. शेजारीं १९६६ सालीं अंबाझरीचा आयुधनिर्माण कारखाना निघाला. रस्त्याच्या दोहों बाजूंस मालाचीं गोदामें उभीं राहिलीं, मालमोटारींची वर्दळ वाढली, आणि निरनिराळ्या प्रांतांतून पोटामागें आलेलीं कुटुंबें येथें स्थायिक झालीं. अशा वस्तींतील मुलाच्या कानावर घरीं मराठी पडते, अंगणांत हिंदी पडते. इंग्रजी मात्र बहुधा शाळेंत पडेल तेवढीच, आणि तीही शिक्षकाच्या मुखांतून निघेल तशीच. म्हणून इंग्रजीचा शिक्षक कोण होतो व कसा होतो, हा प्रश्न येथें केवळ एका नोकरीचा नव्हे. पुढच्या पिढीच्या कानांचा व जिभेचा आहे.

आतां याच वस्तींतील एखाद्या पदवीधर तरुणीची कल्पना करावी. घरीं लहान मूल आहे, वडीलधाऱ्यांची शुश्रूषा आहे, दररोज महाविद्यालयांत जाण्याइतका वेळ नाहीं व पैसाही नाहीं. तिला माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकवावयाचें आहे. घरबसल्या शिक्षक होण्याचीं आश्वासनें तिच्या हातांतील फोनवर रोज झळकत असतात. हें खरोखर साधण्यासारखें आहे काय? प्रश्न आजचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांत दडलेलें आहे, आणि तो इतिहास ठाऊक नसल्यामुळेंच पुष्कळांची फसगत होते.

शिक्षकालाही शिक्षण दिलें पाहिजे, ही कल्पना इकडे सरकारी धोरणांत शिरली ती १८५४ च्या वुडच्या खलित्यानें. त्यानंतर दोनच वर्षांनीं मद्रासेस शिक्षकांची शाळा निघाली; तीच पुढें सैदापेठचें अध्यापक महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. परंतु काम किती मंदगतीनें चाललें पाहा. १८८२ सालीं हंटर आयोग बसला तेव्हां माध्यमिक शिक्षक तयार करणाऱ्या संस्था साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत दोनच होत्या, एक मद्रासेस व दुसरी लाहोरास. शतक संपतां संपतां त्या सहा झाल्या, आणि त्यांत आमच्या मध्यप्रांताच्या वांट्यास आली ती जबलपूरची. मुंबईस माध्यमिक शिक्षकांचें सरकारी महाविद्यालय निघावयास १९०६ साल उजाडावें लागलें. नागपुरास मिशनरी स्टीफन हिस्लॉप याची इंग्रजी शाळा १८४६ सालींच सुरू झाली होती. म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा धंदा आधीं वाढला आणि तो शिकवावा कसा याचें शिक्षण पुष्कळ मागाहून आलें. मधल्या दोन पिढ्यांतील बहुतेक इंग्रजी मास्तर स्वतः जसे शिकले तसेंच शिकवीत राहिले.

ज्यांस जबलपूर किंवा मुंबई गांठतां आली नाहीं त्यांनीं काय केलें? त्यांनीं पुस्तक गांठलें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनीं महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांस घरबसल्या इंग्रजी शिकविलें. मराठी वाक्य घ्यावें, त्याचें इंग्रजी करावें, आणि तें पडताळून चूक दुरुस्त करावी. दिव्याच्या उजेडांत, शिक्षकावांचून, एकलव्याच्या रीतीनें चाललेला हा अभ्यास आजच्या दूरशिक्षणाचा खरा पूर्वज होय. पुढें रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण त्याच फळीवर येऊन बसलें. या ग्रंथांचें ऋण मोठें आहे. त्यांनीं कारकून घडविले, वकील घडविले, संपादकही घडविले. परंतु त्यांची इंग्रजी मूक होती. ती डोळ्यांनीं आंत शिरे व हातानें बाहेर पडे. कान आणि जीभ यांचा तींत संबंध नसे. अशा रीतीनें शिकलेला मनुष्य शिक्षक झाला म्हणजे त्याच्या वर्गांतही इंग्रजी मूकच राही. मुलें व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणत, पण पाहुण्यानें इंग्रजींत नांव विचारलें तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत.

परक्या मुलखांतही याच सुमारास असाच उद्योग चालला होता. १८४० सालीं इंग्लंडांत पेनीचें टपाल सुरू झालें आणि आयझॅक पिटमन यानें आपली लघुलिपि पत्रांच्या द्वारें शिकविण्यास आरंभ केला. १८५८ पासून लंडन विद्यापीठानें आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. टपाल स्वस्त होतांच विद्या टपालानें जाऊं लागली. आमच्याकडे मात्र विद्यापीठानें हें साधन हातीं धरावयास आणखी शंभर वर्षें गेलीं. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा पदवीचे वर्ग सुरू केले. त्यानंतर चारच वर्षांनीं या साधनाचा उपयोग शिक्षक घडविण्याकडे झाला, आणि आमच्या विषयाचा खरा आरंभ तेथूनच होतो.

त्या वेळची अडचण साधी पण मोठी होती. स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्यानें वाढल्या. वर्गांवर शिक्षक नेमले गेले, पण प्रशिक्षण झालेले शिक्षक तितके मिळेनात. नोकरींत असलेल्या सहस्रावधि माणसांस वर्षभर शाळा सोडून महाविद्यालयांत बसविणें शक्य नव्हतें. तेव्हां अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनीं १९६६ सालीं एक तोड काढली. शिक्षकानें दोन उन्हाळ्यांच्या सुट्या महाविद्यालयांत घालवाव्या, मधले दहा महिने आपल्या शाळेंत शिकवीत राहावें, आणि त्या काळांत टपालानें आलेले पाठ वाचून उत्तरें लिहून पाठवावीं. महाराष्ट्राच्या वांट्यास यांपैकीं भोपाळचें महाविद्यालय आलें.

या योजनेचें मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. टपालानें गेलें तें केवळ शास्त्र; वर्ग मात्र शिक्षकापाशीं आधींच होता. सकाळीं वाचलेली पद्धति दुपारीं मुलांवर लावून पाहतां येत होती, आणि तिचा दोष रात्रीं उत्तरपत्रिकेंत लिहितां येत होता. म्हणजे हें शिक्षण दुरून दिलेलें असलें तरी मुलांपासून दूर नव्हतें. १९८५ सालीं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. राम ताकवले हे नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरु होत. या दोन्ही विद्यापीठांनीं शिक्षणशास्त्राची पदवी देतांना हेंच मर्म राखलें. विद्यार्थी तो, जो कोठें तरी शिक्षक आहे. प्रयोगशाळा ती, जेथें तो रोज उभा राहतो. आणि सुटीच्या दिवसांत अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग.

परंतु ज्या दारानें सोय येते त्याच दारानें व्यापारही येतो. पत्रद्वारा पदवी मिळते हें कळतांच तिला बाजारांत मागणी आली, आणि देशांतील कांहीं संस्थांनीं वर्ग नसलेल्यांसही ती खुशाल वांटली. मुलांपुढें एकदांही न उभा राहिलेला मनुष्य कागदोपत्रीं प्रशिक्षित शिक्षक ठरूं लागला. या अनवस्थेस आळा घालणें हें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेपुढचें एक मोठें काम होतें. तिचा कायदा १९९३ सालीं झाला व १९९५ पासून ती कामास लागली. परिषदेच्या २०१४ च्या नियमांत या अनुभवाचें सार उतरलेलें दिसतें. दूरशिक्षणानें बी.एड्. करूं इच्छिणारा एक तर प्राथमिक स्तराचें प्रशिक्षण घेऊन नोकरींत असलेला शिक्षक असावा, नाहीं तर त्यानें प्रत्यक्ष वर्गांत बसून शिक्षकी पेशाचा एखादा मान्य अभ्यासक्रम पुरा केलेला असावा. बी.एड्.ची मुदतही याच नियमांनीं एका वर्षाची दोन वर्षें झाली, आणि शाळेंत राहून शिकविण्याचा काल, ज्यास आंतरवासिता म्हणतात, तो निदान २० आठवड्यांचा ठरला.

म्हणजे वाडीच्या त्या तरुणीस मिळणारें उत्तर असें कीं, जी आधींच शिक्षिका आहे तिला घरून शिकतां येईल. जी अजून झालेली नाहीं तिला येणार नाहीं. पोहतां येणाऱ्यासच पाण्यांत उतरूं द्यावें, अशांतलाच हा प्रकार प्रथमदर्शनीं वाटतो. तिनें रागवावें हें स्वाभाविक आहे. तथापि नियम करणारांच्या पक्षींही सत्य आहे, आणि तें इंग्रजीच्या बाबतींत विशेषच आहे. त्याचा विचार केल्यावांचून न्याय करतां येणार नाहीं.

इंग्रजीच्या शिक्षकास दोन गोष्टी साधाव्या लागतात. एक भाषा, दुसरी मुलें. भाषेच्या बाजूनें पाहतां टपालाचें शिक्षण जन्मतःच पंगु होतें. १९५८ सालीं हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठीं मध्यवर्ती संस्था निघाली, तिचा रोख शिक्षकाच्या उच्चारांकडे व बोलण्याकडेही होता. पुढें तिनें दुरून शिकणारांसाठीं प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम काढले, परंतु त्यांसही संपर्कवर्गाची जोड द्यावीच लागली. पाकिटांतून व्याकरण पाठवितां येतें, आघात आणि सूर पाठवितां येत नाहींत. राज्याची आंग्लभाषा संस्था निघाली तिचेंही कारण हेंच. इकडे गरज वाढतच होती. २००० सालापासून महाराष्ट्रांतील शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. माध्यमिक शाळेंत येणारें मूल आतां नवखें राहिलें नाहीं, आणि त्याच्या शिक्षकाची मूक इंग्रजी अधिकच उघडी पडूं लागली.

येथें आंतरजालानें खरी क्रांति केली. २०१७ सालीं 'स्वयम्' आणि 'दीक्षा' हीं दोन सरकारी दालनें उघडलीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनें १३ लाखांहून अधिक अप्रशिक्षित शिक्षकांस प्राथमिक शिक्षणाची पदविका देण्याचें काम त्याच सुमारास अंगावर घेतलें, तेंही याच साधनांच्या बळावर. 'निष्ठा' या प्रशिक्षणाचा माध्यमिक शिक्षकांसाठींचा भाग २०२१ सालीं आंतरजालावरूनच झाला. वाडींत बसलेल्या मनुष्यास आतां इंग्रजी ऐकतां येते, बोलून दाखवितां येते, आपलाच आवाज मुद्रित करून त्यांतील दोष पारखतां येतो, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतील शिक्षकाशीं तास तास इंग्रजींत संभाषण करतां येतें. तर्खडकरांच्या विद्यार्थ्याला जें कधींच लाभलें नाहीं तें हिला विनामूल्य लाभतें. शंभर वर्षें मूक असलेल्या इंग्रजीला या साधनानें वाचा दिली, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

परंतु दुसरी गोष्ट तशीच राहिली. २०२० च्या साथींत शाळा बंद पडल्या आणि शिक्षण पडद्यावर आलें, तेव्हां मुलांवांचून पाठ घेणें म्हणजे काय याचा अनुभव साऱ्या देशास आला. पडद्यावर चाळीस मुलांचीं नांवें दिसतात, चाळीस मुलें दिसत नाहींत. मागच्या बाकावरचा मुलगा वाक्य समजल्यामुळें गप्प आहे कीं न समजल्यामुळें, हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावें लागतें. इंग्रजींत चुकण्याची लाज वाटणाऱ्या मुलीला बोलतें कसें करावें हें तिच्याजवळ उभें राहूनच कळतें. आणि शिकविणाराच्या चुका पाहावयास वर्गाच्या शेवटीं पाठटांचण हातीं घेऊन बसलेलें एक अनुभवी माणूस लागतें. सैदापेठेपासून आजपर्यंत साधनें बदललीं, तें माणूस मात्र बदललें नाहीं. जेथें तें राहिलें तेथें टपालानेंही शिक्षक घडले. जेथें तें उठून गेलें तेथें पदव्या तेवढ्या उरल्या.

तेव्हां आमचें मत असें आहे. वर्गावांचून शिक्षक नाहीं, हा नियमाचा गाभा बरोबर आहे. परंतु ज्याच्यापाशीं वर्ग नाहीं त्याला दाराबाहेर ठेवणें हा त्यावरचा उपाय नव्हे. १९६६ च्या योजनेनें शिक्षकाकडे वर्ग आहे हें पाहून शास्त्र त्याच्याकडे पाठविलें. आज शास्त्र आणि भाषा दोन्ही घरीं पोहोंचलीं आहेत. आतां विद्यार्थ्याला वर्गाकडे पाठविण्याची योजना हवी. वाडीची तरुणी सारें शास्त्र रात्रीं घरीं शिको. पण २० आठवडे, आणि ते एका दमांत शक्य नसतील तर दोनतीन वर्षांत विभागून, गांवांतील शाळेनें तिला एक वर्ग द्यावा, आणि त्या शाळेंतील एखाद्या जुन्या शिक्षकानें मागच्या बाकावर बसून तिचे पाठ पाहावे. त्या शिक्षकाच्या श्रमांस मानधन असावें व त्याच्या अभिप्रायास परीक्षेइतकें वजन असावें. यांस नवें यंत्र लागत नाहीं. लागतो तो शाळांचा विश्वास व विद्यापीठांची मेहनत.

तोंवर त्या तरुणीस आमचें एवढेंच सांगणें कीं, पदवीसाठीं पैसे भरण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. या अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे काय, आणि यांत माझा पाठ पाहावयास वर्गांत कोण येणार? पहिल्याचें उत्तर कागदावर मिळेल. दुसऱ्याचें उत्तर ज्या संस्थेस देतां येणार नाहीं, तिच्याकडून पदवी मिळाली तरी विद्या मिळणार नाहीं. आणि त्याचें मोल भरावें लागेल तें तिला नव्हे, तर गोदामांच्या मागल्या बाजूस राहणाऱ्या त्या मुलांस, ज्यांच्या कानीं तिच्यावांचून दुसरी इंग्रजी पडावयाची नाहीं.