शब्दवेध : अल्बम

लॅटिनमध्ये ‘अल्बुस’ म्हणजे पांढरा. रोममध्ये जाहीर हुकूम लिहायच्या पांढऱ्या फळ्याला त्यावरून ‘अल्बुम’ म्हणत. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या नि गुरूंच्या सह्या घ्यायच्या वहीला तेच नाव देऊ लागले. पुढे वहीत फोटो आले. मग गाणी कशी आली? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटं मावत. एखादी सिंफनी अनेक तबकड्यांवर निघे आणि त्या पुठ्ठ्याच्या जाड वहीत घालून विकत. तोच अल्बम. १९४८मध्ये कोलंबियाची विनाइलची एलपी (लाँग प्ले) तबकडी आली, एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटं. वही गेली, नाव राहिलं.

प्रोग्रेसिव्ह रॉकने एलपीवरच्या त्या लांब जागेचं सोनं केलं. जेथ्रो टल या बँडचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) म्हणजे सुमारे ४४ मिनिटांचं एकच गाणं, आणि वेष्टन म्हणजे १२ पानी वर्तमानपत्र. तो विनाइलवरच ऐकावा, असं माझं ठाम मत आहे. मध्यावर सुई उचलून तबकडी उलटावी लागते, आणि तेवढ्या थांब्यात बँडच्या इयन अँडरसनची बासरी कानात मुरते.