आजीचा वाघ आणि साहेबाचा वाघ

इसवी सन १८६५च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांची स्वारी दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा तंबू, दप्तरे, कारकून, चोपदार आणि घोडेस्वार यांच्या त्या अवाढव्य लवाजम्यात गव्हर्नरांची वीस वर्षांची कन्या मेरी आणि तिच्या दिमतीला असलेली आया ॲना लिबेराता डिसोझा अशा दोघीही होत्या. मुक्कामात वेळ जाईना म्हणून मेरीने आयेजवळ एखादी गोष्ट मागितली. आणि त्या एका मागणीतून, ॲनाने लहानपणी आपल्या आजीकडून ऐकलेल्या कथांचा जो साठा हळूहळू उलगडत गेला, तो मेरीने लिहून काढून, पुन्हा ॲनालाच वाचून दाखवून, तिच्याकडून तपासून घेऊन, १८६८ साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने प्रसिद्ध केला. इंग्रज मुलांच्या हाती दख्खनचा वाघ प्रथम पडला तो बहुतांशी याच पुस्तकातून, आणि तो एका शिकाऱ्याने नव्हे, तर एका आयेने पाठविला होता, ही गोष्ट वाघाच्या वाङ्मयीन इतिहासात मला फार महत्त्वाची वाटते.

मेरी फ्रीअरचा मोठेपणा असा की, तिने सांगणारीला पडद्याआड ठेवले नाही. पुस्तकाच्या आरंभीच तिने ॲनाची स्वतःची हकिकत ॲनाच्याच बोलण्याच्या ढंगात छापली आहे. त्या हकिकतीवरून कळते की, तिचे घराणे मूळचे लिंगायत, राहणारे कालिकतचे, पुढे गोव्याच्या आसपास येऊन वसलेले आणि आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार, बाप खडकीच्या लढाईत जखमा अंगावर घेतलेला. आणि आजी अशी उंच, धिप्पाड नि कणखर की, टिपूवरच्या मोहिमेत पलटण जिकडे गेली तिकडे ती पायी चालत गेली. ज्या टिपूने आपल्या शिपायांच्या पोशाखावर वाघाचे पट्टे उमटविले, सिंहासनाला वाघाचे मस्तक बसविले आणि गोऱ्या माणसाला फाडणारा लाकडी वाघ करवून घेतला, त्या टिपूच्या पाडावानंतर तो लाकडी वाघ लुटीबरोबर विलायतेस गेला आणि १८०८पासून कंपनीच्या लंडनमधील कचेरीत लोकांच्या कुतूहलाचा विषय होऊन बसला. त्याच मोहिमेची धूळ खाल्लेल्या या आजीने मात्र नातवंडांना जो वाघ सांगितला त्याला ना सिंहासन होते ना निशाण. तो पावसात भिजून कुडकुडणारा, माणसाच्या भिंतीला अंग टेकून आसरा शोधणारा एक प्राणी होता.

ती गोष्ट अशी. रात्रीची वेळ, वादळी पाऊस, आणि एका म्हातारीचे झोपडे जागोजागी गळत असलेले. म्हातारी अंधारात आपले किडुकमिडुक सामान या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढीत आहे आणि त्रासून म्हणत आहे की, हत्ती परवडला, सिंह परवडला, वाघ परवडला, पण ही सततची टिपटिप नको. भिंतीपलीकडे दडलेला वाघ हे ऐकतो आणि विचारात पडतो की, माझ्याहूनही भयंकर असे हे टिपटिप नावाचे कोणते जनावर असावे? इतक्यात, ताडी पिऊन तर्र झालेला एक कुंभार आपले हरवलेले गाढव शोधीत तेथे येतो, विजेच्या लखलखाटात भिंतीशी काहीतरी मोठे चतुष्पाद पाहतो, आणि हेच आपले गाढव असे समजून वाघाला लाथाबुक्क्यांनी तुडवून, वर स्वार होऊन, घरी नेऊन खुंटाला बांधतो. वाघ निमूट जातो, कारण त्याची खात्री पटली आहे की टिपटिप म्हणतात ती हीच. पुढे कुंभाराची कीर्ती राजाच्या कानी जाते, त्याला दहा हजार स्वारांचे सेनापतिपद मिळते, घोड्यावर बसता येत नाही म्हणून बायको त्याला दोरांनी घोड्याला बांधते, आणि उधळलेल्या घोड्यावरून जाताना हाती धरलेले झाड मुळासकट उपटून आल्यामुळे शत्रूची सारी छावणी पळून जाते. याच गोष्टीची भावंडे हिंदुस्थानात ठिकठिकाणी सापडतात, आणि दूर जपानातही गळक्या घराला भिणाऱ्या श्वापदाची कथा आहे.

हसून सोडून देण्याजोगी ही कथा नाही, असे माझे मत आहे. ज्याच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्याच्या दृष्टीने भयांची क्रमवारी काय असते, हे तिच्यात फार प्रामाणिकपणे सांगितले आहे. वाघ वर्षातून एखादे वेळी येईल, शेळी नेईल, कदाचित माणूसही नेईल. परंतु गळते छप्पर मृगापासून हस्तापर्यंत रोज रात्री छळते. राजाच्या कथेत वाघाला मारावे लागते, कारण त्यावाचून राजाचे शौर्य सिद्ध होत नाही. कुंभाराच्या कथेत वाघाला मारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

त्याच संग्रहातील दुसरी कथा याहून गंभीर आहे. पिंजऱ्यात सापडलेल्या वाघाला एक ब्राह्मण दया येऊन मोकळा करतो, वाघ त्यालाच खायला उठतो, आणि सहा जणांचा निवाडा घ्यावा असे ठरते. वड, उंट, बैल, गरुड आणि मगर हे पाचही साक्षीदार माणसाविरुद्ध कौल देतात: सावलीत बसून माझ्याच फांद्या तोडणारा, चाकरी करवून म्हातारपणी चाऱ्यालाही महाग करणारा, असा हा माणूस, त्याच्यावर वाघाने कसली दया करावी? शेवटी कोल्हा आपल्याला काहीच समजत नाही असे सोंग करून वाघाला पुन्हा पिंजऱ्यात शिरावयास लावतो आणि ब्राह्मण सुटतो. सुटतो खरा, पण युक्तीने सुटतो. त्याच्यावरील आरोप मात्र कोणीच खोडून काढीत नाही. मुलांच्या पुस्तकात मनुष्यजातीची अशी उघड चौकशी मांडून तिला जवळजवळ दोषी ठरविणारी ही कथा ज्या आजींनी पिढ्यानुपिढ्या सांगितली, त्यांच्या न्यायबुद्धीपुढे मान लववावीशी वाटते.

आपल्या मराठी घरांत ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणत जाणारी म्हातारी याच कुळातली. लेकीच्या घरी निघालेली ती म्हातारी वाटेत वाघाशी करार करते आणि परतताना भोपळ्यात बसून तो करार चुकविते. पंजाबात फ्लोरा ॲनी स्टील हिने टिपलेल्या कथेत म्हातारीच्या जागी एक कोकरू आहे आणि भोपळ्याच्या जागी ढोलके. वाघालाही ते चकवते, पण अखेर कोल्हा त्याला ओळखतो आणि खाऊन टाकतो. मराठी म्हातारी मात्र घरी पोहोचते. वाघाच्या मुलखातून एकट्या बाईने सुखरूप जाऊन यावे, ही इच्छा या कथेच्या मुळाशी आहे, आणि ती इच्छा धरणाऱ्या बायकांना ते रान कल्पनेतले नव्हते.

छापील मराठीत वाघ याआधीच आला होता. श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडी लिपीत निघालेल्या १८१५च्या ‘हितोपदेशा’त सोन्याचे कंकण दाखवून लोभी वाटसरूला चिखलात अडकविणारा म्हातारा वाघ आहे, मुनीच्या कृपेने उंदराचा झालेला वाघ आहे, आणि वाघाचे कातडे पांघरून शेत खाणारे गाढव आहे. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीतीच्या कथा मराठीत आणल्या, तेव्हा शाळेतल्या मुलाला नीती शिकविण्याचे काम वाघ-सिंहांकडे रीतसर सोपविले गेले. परंतु हितोपदेश मुळात राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी रचलेला. त्यातला वाघ मुलांचा की मोठ्यांचा, हा प्रश्नच त्या काळी कोणाला सुचला नसता. आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील पहिलीच कथा भुकेने आपली पिल्ले खाऊ पाहणाऱ्या वाघिणीला स्वतःचा देह देणाऱ्या बोधिसत्त्वाची आहे, आणि महाभारताच्या उद्योगपर्वात तर वनावाचून वाघ मारला जातो व वाघावाचून वन तोडले जाते, म्हणून दोघांनी एकमेकांना राखावे, असा राजनीतीचा दृष्टांत आहे.

हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुलखात आलेल्या साहेबाला ठाऊक नव्हता. पेशवाईच्या अखेरच्या लुटालुटीने आणि १८०३-०४च्या दुष्काळाने खानदेशातील गावेच्या गावे ओस पडली होती, शेतांत झाडी माजली होती, आणि माणसाने सोडलेली जमीन वाघाने घेतली होती. १८१९ साली वाघाच्या शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अंमलदाराला वाघूर नदीच्या कड्यात अजिंठ्याची लेणी दिसली, हे सर्वश्रुत आहे. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने कोरलेले आपले नाव अजून आहे. १८२५च्या सुमारास भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमने त्यांच्याच सोबतीने खानदेशात वाघांची जी कत्तल केली, तिचा उद्देश केवळ मृगया नव्हता. रयत परत यावी, जमिनी लागवडीस याव्यात, वसूल वाढावा, हा त्यातला राजकीय हिशेब होता. पुढे तर कातडे कचेरीत हजर करून सरकारी इनाम घेऊन जावे, असा शिरस्ताच पडला.

या अमदानीतून मोठ्यांच्या पुस्तकातला वाघ जन्मला. विल्यम राइस, जेम्स फोरसिथ, रॉबर्ट स्टर्नडेल यांच्यासारख्यांची शिकारीची पुस्तके विलायतेत आवडीने वाचली जात. त्यांत रानाचे वर्णन कधीकधी फार सुंदर असते. फोरसिथने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सातपुड्यातील डोंगर, साल-सागाची वने आणि गोंड-कोरकूंचे जीवन ज्या आस्थेने रेखाटले आहे, ती नाकारणे अन्यायाचे होईल. पण वाघ आला की या लेखकांची दृष्टी एकाएकी आखडते. मचाण, हत्ती, हाका, बार, आणि मग नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत फूट-इंचांची मोजणी, यांतच सारे संपते. हाक्याला उभी केलेली शेकडो माणसे बहुधा बिननावाची असतात, आणि वाघाला तर मरणाच्या क्षणाखेरीज दुसरे चरित्रच नसते.

दोन्ही परंपरांच्या मधोमध उभा आहे तो रुडयार्ड किपलिंग. ज्या हिवाळ्यात ॲना गोष्टी सांगत होती त्याच हिवाळ्यात, १८६५च्या डिसेंबरात, मुंबईत त्याचा जन्म झाला; आणि दुपारी झोपण्यापूर्वी आपल्याला गोष्टी सांगणारी आया पोर्तुगीज रोमन कॅथलिक होती, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८९४च्या ‘जंगल बुक’साठी त्याने सिवनीचे रान घेतले ते स्वतः न पाहता, मुख्यतः स्टर्नडेलच्या पुस्तकाच्या आधाराने, आणि लिहिले अमेरिकेतील बर्फाळ व्हर्माँटमध्ये बसून. तरी शेरखानाचा शेवट साहेबी नाही. जन्मतः लंगडा असलेला तो वाघ गोळीने मरत नाही. गुराखी झालेला मोगली म्हशींचा कळप त्याच्या अंगावर लोटतो आणि तो खुरांखाली चिरडला जातो. गोल केलेल्या म्हशींपुढे वाघ माघार घेतो, ही पूर्व विदर्भातील गुराख्यांची पिढीजात माहिती आहे. किपलिंगच्या रानातून वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा-गडचिरोलीच्या मुलखातूनच जाते.

साहेबाच्या वाघाला खरे चरित्र लाभले ते जिम कॉर्बेटमुळे. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेतून बाहेर पडले. चारशे छत्तीस माणसे मारल्याची नोंद असलेल्या चंपावतच्या वाघिणीला त्याने १९०७ साली मारले. पण ती अशी का झाली याचा शोध घेताना त्याने तिचे तोंड उघडून पाहिले आणि जुन्या गोळीने मोडलेले सुळे दाखविले. वाघ नरभक्षक होतो तो बहुधा जखमेने किंवा वार्धक्याने, हे त्याने इतक्या सबळ पुराव्यांनिशी मांडले की, क्रौर्याचा जुना आरोप मोडून पडला. बहिणीला वाघिणीने ओढून नेताना पाहून वाचा गेलेली बाई त्याच प्रकरणात आहे. शिकारीच्या पुस्तकात अशा बाईला जागा मिळायला किती वर्षे जावी लागली!

मराठीत हा नवा वाघ उशिरा आला. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले आणि मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीतील भटकंतीवर आपली पुस्तके उभी केली, त्यांत बंदूक जवळजवळ नाहीच. आहे ती पायवाट, पाणवठा, आणि ठसे ओळखणाऱ्या आदिवासी वाटाड्याचे ज्ञान. चितमपल्लींनी गोंड आणि इतर रानकऱ्यांकडून शब्द, समजुती, पक्ष्यांची नावे यांचा जो संग्रह केला, त्याने मराठी भाषेला रानाची ओळख पुन्हा करून दिली. सह्याद्रीत आणि डहाणू-जव्हारच्या पट्ट्यात वाघदेवाच्या लाकडी व दगडी मूर्तींपुढे दरवर्षी नारळ फुटतच होते. तेथील वारल्यांना आणि कोळ्यांना वाघाचा आदर पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू होऊन मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत गेला. आज चंद्रपूर जिल्ह्यात वाघ पुन्हा गावाच्या शिवेवर आला आहे; चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या बायका मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जातात तेव्हा त्याची गाठ पडू शकते, आणि काही परत येत नाहीत. शहरात छापलेल्या मुलांच्या रंगीत पुस्तकांतला वाघ गोंडस आहे, वर्तमानपत्रांतला वाघ एकतर पर्यटनाचे भूषण आहे किंवा गुन्हेगार आहे. या गावांतल्या आज्या नातवंडांना झोपविताना कोणता वाघ सांगतात, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नाही. त्या गोष्टी झाडीबोलीत, गोंडीत, माडियात, ज्या भाषेत सांगितल्या जातात त्याच भाषेत आणि सांगणारीच्या नावगावासकट उतरवून घेण्याचे काम कोणा विद्यापीठाने किंवा एखाद्या तरुण शिक्षकाने आताच हाती घेतले पाहिजे. कारण ज्या म्हाताऱ्यांनी वाघ पाहून गोष्ट सांगितली, त्यांची पिढी आता थकत चालली आहे.