पुढील विक्रीतील वाटा : फुटबॉलमधील सेल-ऑन कलम आणि बारामती-इंदापूर परिसरातील ऊसदराचा इतिहास

प्रस्तावना :
विक्री पूर्ण झाली की विकणाऱ्याचा वस्तूवरील हक्क संपतो, हे व्यापाराचे सर्वसाधारण तत्त्व आहे. मात्र काही व्यवहारांत वस्तूचे खरे मूल्य विक्रीच्या वेळी दोन्ही पक्षांपैकी कोणालाच ठाऊक नसते. ते पुढे, दुसऱ्या विक्रीत प्रकट होते. अशा व्यवहारांत मूळ उत्पादकाला पुढील विक्रीच्या रकमेत वाटा द्यावा, हा विचार जगात वेगवेगळ्या क्षेत्रांत स्वतंत्रपणे पुढे आला. युरोपीय फुटबॉलमधील सेल-ऑन कलम हे त्याचे आज सर्वाधिक चर्चिले जाणारे उदाहरण होय. नीरा डाव्या कालव्यावरील ऊस उत्पादकाच्या दृष्टीने हा विचार नवा नाही. ऊस तोडून नेल्यानंतर अनेक महिन्यांनी हाती येणारा 'अंतिम दर' हा त्याच तत्त्वाचा आविष्कार आहे.

प्रस्तुत लेखात या दोन व्यवस्थांची तुलना करून, पुढील विक्रीतील वाटा कोणत्या परिस्थितीत प्रत्यक्षात पदरात पडतो आणि कोणत्या परिस्थितीत तो कागदावरच राहतो, याचा ऐतिहासिक पद्धतीने शोध घेतला आहे.

१. सेल-ऑन कलमाचे स्वरूप :
इंग्लंडमध्ये १८९३ पासून क्लबला खेळाडूची नोंदणी स्वतःकडे राखण्याचा व ती रक्कम घेऊन दुसऱ्या क्लबला देण्याचा अधिकार होता. १९६३ च्या ईस्टहॅम खटल्याने या अधिकाराला पहिला तडा गेला. १५ डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपीय समुदायातील खेळाडूला करार संपल्यावर समुदायातील दुसऱ्या क्लबकडे विनामूल्य जाण्याची मुभा मिळाली. परिणामी क्लबच्या हाती विकण्याजोगी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे कराराचा शिल्लक कालावधी. लहान क्लबांना आपले गुणी खेळाडू कोवळ्या वयातच, करार संपण्यापूर्वी विकणे भाग पडू लागले.

सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूचे भविष्य कोणी सांगू शकत नाही. खरेदीदार केवळ आशेची पूर्ण किंमत मोजत नाही आणि विक्रेत्याजवळ थांबण्याइतके आर्थिक बळ नसते. या पेचातून मार्ग म्हणून करारात सेल-ऑन कलम घातले जाते. समजा, एका लहान क्लबने खेळाडू १ कोटी रुपयांस विकला व २० टक्क्यांचे कलम राखले. खरेदीदाराने तोच खेळाडू पुढे ६ कोटींस विकला. कलम एकूण रकमेवर असेल तर लहान क्लबला १ कोटी २० लाख मिळतील. ते केवळ नफ्यावर असेल तर ५ कोटींवरील २० टक्के, म्हणजे १ कोटी मिळतील. अशा कलमाचे प्रसिद्ध उदाहरण रहीम स्टर्लिंगचे आहे. क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने २०१० मध्ये त्याला लिव्हरपूलकडे सोपविले. २०१५ मध्ये लिव्हरपूलने त्याला मँचेस्टर सिटीला विकले तेव्हा मूळ क्लबकडे २० टक्के वाट्याचा हक्क होता.

यापासून वेगळी, परंतु सजातीय अशी दुसरी तरतूद म्हणजे 'एकजूट निधी'. फिफाच्या २००१ च्या नियमावलीनुसार खेळाडू करार चालू असताना विकला गेल्यास त्या रकमेचा ५ टक्क्यांपर्यंतचा भाग, त्याला १२ ते २३ या वयात घडविणाऱ्या क्लबांत वाटला जातो. सेल-ऑन कलम ऐच्छिक असून त्याचे प्रमाण सौद्यात ठरते. एकजूट निधी मात्र नियमाने बंधनकारक आहे.

२. गुऱ्हाळापासून कारखान्यापर्यंत :
नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतील अवर्षणप्रवण पट्ट्यात बारमाही ऊस उभा राहिला. त्या काळी उसाचा गूळ होई. शेतकरी गुऱ्हाळ लावून स्वतःचा गूळ तयार करी व तो अडत्यामार्फत बाजारात विकी. भाव पडला तर तोटा त्याचा, भाव चढला तर लाभही त्याचाच. कच्चा माल आणि पक्का माल यांचा धनी एकच असल्यामुळे पुढील विक्रीतील वाट्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशभर साखर कारखाने उभे राहिले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाची वसाहत याच दशकातील साखर उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र होय. दख्खनच्या कालवा क्षेत्रातील खाजगी कारखान्यांचा भर मुख्यतः स्वतःच्या मळ्यांवरील उसावर होता. कारखान्यास ऊस विकणाऱ्या शेतकऱ्याचा संबंध मात्र वजनकाट्यापाशी संपत असे. १९३४ च्या ऊस कायद्याने प्रांतिक सरकारांना उसाची किमान किंमत ठरविण्याचा अधिकार दिला. परंतु किमान किंमत म्हणजे वाटा नव्हे. साखर महागली तरी उत्पादकाला त्यातून काही मिळण्याची तरतूद तीत नव्हती.

३. कलम ५-अ :
ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये केंद्र सरकार उसाची वैधानिक किमान किंमत ठरवू लागले. भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून सप्टेंबर १९७४ मध्ये या आदेशात कलम ५-अ समाविष्ट झाले. त्यानुसार हंगामाअखेर साखर विक्रीतून कारखान्याला जे अधिकचे उत्पन्न मिळेल, त्याचा निम्मा भाग ऊस पुरविणाऱ्यास अतिरिक्त किंमत म्हणून देणे बंधनकारक ठरले. त्याची गणना आदेशाच्या दुसऱ्या अनुसूचीतील सूत्राने करावयाची होती. एखाद्या कारखान्याने सूत्रानुसार येणाऱ्या एकूण किमतीइतका किंवा तिच्याहून अधिक दर आधीच दिला असेल, तर त्याच्यावर वेगळी जबाबदारी येत नसे.

फुटबॉलच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे नफ्यावरील ५० टक्के सेल-ऑन कलम होते आणि एकजूट निधीप्रमाणे ते कायद्याने लादलेले होते. त्यातील दुबळा दुवा मात्र हिशेबाचा होता. अधिकचे उत्पन्न किती, हे प्रथम कारखान्याच्या वहीतूनच कळे. ती वही उत्पादकाच्या हाती नव्हती.

४. सहकारी कारखाना आणि अंतिम दर :
१९५०-५१ मध्ये प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला. त्याच दशकात बारामती तालुक्यात माळेगाव व इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती हे कारखाने स्थापन झाले. त्यांच्यानंतर सोमेश्वर कारखाना उभा राहिला. येथे ऊस विकणारा हाच कारखान्याचा सभासद झाला. गुऱ्हाळाच्या काळात एका घरात असलेली दुहेरी मालकी सहकाराने सामूहिक रूपात परत आणली, असे म्हणता येईल.

सहकारी कारखान्यातील दराची रचना हप्त्यांची आहे. गाळपाच्या वेळी पहिली उचल, त्यानंतर खोडकी किंवा कांडे बिल, दिवाळीचा हप्ता आणि शेवटी वार्षिक हिशेबावरून ठरणारा अंतिम दर. शिल्लक रक्कम लाभांशाऐवजी दराच्या रूपाने वाटण्यामागे कायदेशीर कारणही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये भागभांडवलावरील लाभांशास १५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे लाभ भागांच्या प्रमाणात न जाता पुरविलेल्या उसाच्या प्रमाणात जातो.

मग हा दुसरा हप्ता उसाची किंमत आहे की नफ्याची वाटणी? किंमत असेल तर ती कारखान्याचा खर्च ठरते. वाटणी असेल तर तीवर आयकर लागतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये, किमान किमतीहून जास्त दिलेल्या दरातील नफ्याच्या वाटणीचा भाग कर अधिकाऱ्यांनी हिशेब तपासून वेगळा काढावा, असा निर्णय दिला. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने २०१६-१७ या कर आकारणी वर्षापूर्वीची अशी देयके खर्च म्हणून दाखविण्याची सवलत सहकारी कारखान्यांना दिली. या सवलतीची व्याप्ती सुमारे १०,००० कोटी रुपये सांगण्यात आली. उत्पादकाला वाटा देणे म्हणजे उपकार नसून किंमतच आहे, हे कायद्यात स्थिर होण्यास किती काळ जावा लागला, हे यावरून दिसून येते.

५. पहिल्या उचलीचा लढा :
ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्र सरकारने वैधानिक किमान किमतीऐवजी रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी लागू केली आणि कलम ५-अ रद्द केले. २००९-१० च्या हंगामासाठी ९.५ टक्के साखर उताऱ्यास क्विंटलमागे १२९.८४ रुपये हा दर ठरला. नफ्यातील भाग या दरातच आगाऊ धरल्याची सरकारची भूमिका होती. दुसऱ्या शब्दांत, भविष्यातील अनिश्चित वाट्याच्या बदल्यात उत्पादकाला आज निश्चित रक्कम देण्यात आली.

यानंतरच्या आंदोलनांचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने पंढरपूरहून बारामतीपर्यंत पदयात्रा काढून बारामतीत उपोषण केले. २०१२ च्या हंगामात आंदोलनाचे केंद्र इंदापूर होते. दोन्ही वेळी मुख्य मागणी पहिल्या उचलीची होती, अंतिम दराची नव्हती. सहकाराच्या बालेकिल्ल्यातच उत्पादकाने उद्याच्या वाट्याऐवजी आजची रक्कम मागावी, याचा अर्थ उद्याच्या हिशेबावरील त्याचा विश्वास ओसरला होता, असाच घ्यावा लागतो.

याच सुमारास, ऑक्टोबर २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर व प्रमुख उपपदार्थांच्या मूल्याच्या ७० टक्के किंवा केवळ साखरेच्या मूल्याच्या ७५ टक्के वाटा उत्पादकाला द्यावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदर विनियमनाचा कायदा करून हे सूत्र स्वीकारले व त्याच्या अंमलबजावणीसाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ऊस नियंत्रण मंडळ नेमले. चार वर्षांपूर्वी काढून टाकलेला वाटा राज्याच्या कायद्याने अशा रीतीने परत आला.

६. वाटा केव्हा शून्य होतो? :
फुटबॉलमध्ये सेल-ऑन कलम निष्फळ ठरण्याचे मार्ग परिचित आहेत. खेळाडूचा करार संपू दिला तर पुढील विक्रीच होत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू घेतला तर रोख रक्कम कमी दिसते. मूल्य नाहीसे होत नाही. ते कलमात न लिहिलेल्या रूपाने बाहेर पडते.

ऊसदरातही हेच घडू शकते. मळी स्वतःच्याच आसवनीला स्वस्त दाखवून दिली, तर वाट्यासाठी धरावयाचे उत्पन्न घटते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाचा रस व बी-हेवी मळी यांपासून इथेनॉल निर्मितीस वाव दिला. अशा वेळी साखरेचा प्रत्यक्ष उतारा कमी दिसतो, कारण साखरेचा काही अंश इथेनॉलच्या रूपाने जातो. वळविलेला अंश हिशेबात धरला नाही, तर उत्पादकाचे दुहेरी नुकसान होते. उताऱ्यावर आधारित दर घटतो आणि वाट्याचा पायाही आक्रसतो.

दुसरा धोका अंकगणिताचा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. या उताऱ्याने एक टन उसापासून १०२.५ किलो साखर मिळते. साखरेचा कारखान्यावरील भाव किलोला ४० रुपये धरला तर तिचे मूल्य ४,१०० रुपये होते व ७५ टक्के वाटा ३,०७५ रुपये येतो. तो एफआरपीपेक्षा कमी आहे. साखर सुमारे ४६ रुपयांच्या वर गेल्याशिवाय केवळ साखरेवरील हे सूत्र उत्पादकाला एक रुपयाही अधिक देत नाही. किमान दर हे संरक्षण आहे. परंतु तो वाट्याच्या वर गेला की वाटा नाममात्र उरतो.

या दोषांवर फुटबॉलने शोधलेला उपाय मुख्यतः नोंदणीचा आहे. ऑक्टोबर २०१० पासून आंतरराष्ट्रीय हस्तांतरणांची नोंद फिफाच्या संगणकीय प्रणालीत करणे सक्तीचे झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॅरिस येथील फिफा क्लिअरिंग हाऊसचे काम सुरू झाल्यावर एकजूट निधी व प्रशिक्षण भरपाई यांचे वाटप मध्यवर्ती यंत्रणेकडे आले. मूळ क्लबने दाराशी जाऊन मागण्याची गरज त्यामुळे कमी झाली. ऐच्छिक सेल-ऑन कलम मात्र अजूनही मुख्यतः करारातील शब्दांच्या नेमकेपणावरच अवलंबून आहे.

७. तिसऱ्याचा हक्क :
आणखी एक साम्य नोंदविणे आवश्यक आहे. मे २०१५ पासून फिफाने त्रयस्थ गुंतवणूकदारांना खेळाडूच्या भावी रकमेत वाटा घेण्यास बंदी केली. २०१९ मध्ये नियमातील 'त्रयस्थ' या शब्दाच्या व्याख्येतून स्वतः खेळाडूला वगळण्यात आले. ज्याच्या अंगमेहनतीवर मूल्य उभे राहते तो व्यवहारात त्रयस्थ कसा, हा त्यामागील प्रश्न होता. ऊस व्यवसायातही तो लागू पडतो. कलम ५-अ, अंतिम दर आणि ७० टक्क्यांचे सूत्र या तिन्ही व्यवस्था ऊस पुरविणाऱ्याच्या नावावर उभ्या आहेत. ऊसतोड मजुराला टनामागे ठरलेली मजुरी मिळते. साखरेच्या पुढील विक्रीशी तिचा थेट संबंध जोडलेला नाही.

निष्कर्ष :
१) मालाचे मूल्य विक्रीनंतर प्रकट होते अशा व्यवहारांत पुढील विक्रीतील वाटा हा दुर्बल विक्रेत्याचा न्याय्य हक्क ठरतो. फुटबॉल व साखर या दोन्ही क्षेत्रांत तो याच कारणाने निर्माण झाला.
२) वाट्याची टक्केवारी महत्त्वाची असली तरी निर्णायक नाही. विक्रीचा हिशेब कोण लिहितो व कोण तपासतो, यावर वाट्याचे खरे मूल्य ठरते.
३) सहकारी कारखान्याने उत्पादकाला मालक करून हा प्रश्न तत्त्वतः सोडविला. परंतु सभासदत्व वार्षिक सभेतील हात वर करण्यापुरते उरले, तर मालकाची स्थिती बाहेरील पुरवठादारासारखीच होते. २०११ व २०१२ ची आंदोलने त्याची साक्ष देतात.
४) इथेनॉलच्या काळात उत्पन्नाची व्याख्या नव्याने करावी लागेल. उसातून निघणारे मूल्य ज्या-ज्या रूपाने बाहेर पडते, त्या प्रत्येक रूपाची नोंद उत्पादकाला पाहता येईल अशी व्यवस्था झाली, तरच वाटा हा शब्द सार्थ ठरेल.

गुऱ्हाळावर बसलेल्या शेतकऱ्याला आपल्या उसाचा गूळ किती झाला, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. कायद्याने गेल्या अर्धशतकात त्याला वाटा देऊ केला. तेवढी खात्री मात्र त्याला अद्याप मिळावयाची आहे.