बुळकांडी

बुळकांडी : गाय, बैल, म्हैस, रेडा आदी रवंथ करणाऱ्या द्विखुरी प्राण्यांस होणारा, अत्यंत सांसर्गिक, तीव्र ज्वराचा आणि बहुधा प्राणघातक ठरणारा विषाणुजन्य रोग. ‘रिंडरपेस्ट’, म्हणजे गुरांची मरी, हे त्याचे जर्मन नाव शास्त्रीय व्यवहारात सर्वत्र रूढ झाले असले, तरी मराठी शेतकऱ्याने दिलेले नाव अधिक रोखठोक आहे. पातळ मलाची जोराने सुटणारी धार ती बुळकांडी. आणि गोठ्यात शिरताच जे आधी नजरेस पडे, त्यावरूनच रोगाचे नाव पडले. हिंदी मुलखातील ‘पोकनी’ हे नावही त्याच लक्षणावरून आले. रोगाचे वर्णन करणाऱ्या नोंदीत क्रियापदे सामान्यतः वर्तमानकाळी असतात. या नोंदीत ती भूतकाळी आहेत, याचे कारण हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला असल्याचे २०११ साली अधिकृतपणे जाहीर झाले. माणसाच्या प्रयत्नाने समूळ नष्ट झालेला, देवीच्या नंतरचा, हा दुसराच रोग होय.

रोगकारक विषाणू मॉर्बिलिव्हायरस या प्रजातीतील असून माणसाचा गोवर आणि कुत्र्यांतील डिस्टेंपर या रोगांचे विषाणू त्याचे सगोत्र आहेत. सूक्ष्मजंतूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही हे विष पार जाते, हे निकोल आणि आदिल बे या दोघा संशोधकांनी कॉन्स्टँटिनोपल येथे १९०२ मध्ये दाखवून दिले. घोडा, गाढव, खेचर या एकखुरी जनावरांना या विषाणूची बाधा होत नसे; शेळ्या-मेंढ्यांना ती होई, पण बहुधा सौम्य. एवढा संहारक विषाणू जनावराच्या देहाबाहेर मात्र अगदी दुबळा होता. उन्हात तो काही तासांतच मरे, आणि वाऱ्यावर फार दूर जाण्याची शक्ती त्याच्यात नव्हती. आजारी जनावराचा श्वास, शेंबूड, लाळ आणि शेण यांच्या निकट संपर्कातूनच तो पसरे. साहजिकच त्याचा प्रवास गुरांच्या पायांनी झाला. बाजार, जत्रा, बंजाऱ्यांचे तांडे, लष्कराच्या सामानाचे बैल आणि पुढे आगगाड्या व आगबोटी, हे त्याचे रस्ते. शिवाय रोगातून उठलेल्या जनावराला जन्मभराची प्रतिकारशक्ती येई व ते विषाणूचे वाहक म्हणून मागे उरत नसे. विषाणूचे प्रतिकारदृष्ट्या भिन्न असे प्रकारही नव्हते. रोगाच्या या दोन उणिवा हेरण्यास माणसाला फार काळ लागला, परंतु अखेरीस त्यांनीच रोगाचा घात केला.

संसर्ग झाल्यापासून तीन ते पंधरा दिवसांत ताप भरे आणि तो १०४ ते १०७ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढे. जनावर वैरणीवरून तोंड काढी, रवंथ थांबे, दूध आटे, नाकपुडी कोरडी पडे. डोळ्यांतून प्रथम स्वच्छ पाणी आणि मग घट्ट स्राव वाहू लागे, त्याने गालावरचे केस भिजून तेथे काळपट ओघळ उमटे. खरे निदान तोंडात होते. अनुभवी पशुवैद्य जनावराचा खालचा ओठ खाली ओढून हिरडीवरून अंगठा फिरवी. ओला कोंडा भुरभुरावा तसे पांढुरके कण बोटाला लागले आणि त्यांच्याखाली लालभडक, सोललेली त्वचा दिसली, की त्याला पुढे फारसे काही पाहावे लागत नसे. ताप उतरू लागला म्हणून मालकाला हायसे वाटावे, नेमक्या त्याच सुमारास जुलाब सुटत. पाण्यासारखे, दुर्गंधी, पुढे रक्तमिश्रित. जनावर पाठ कमानीसारखी करून कुंथे, दात खाई, शेपटी व मागचे पाय बरबटून जात, आणि शरीरातील पाणी संपत आले म्हणजे मान कुशीकडे वळवून ते बसे ते पुन्हा उठत नसे. सहा ते बारा दिवसांत बहुधा खेळ आटोपे. शवविच्छेदनात गुदाशयाच्या अंतस्त्वचेवर रक्ताळलेले पट्टे दिसत, त्यांना झेब्र्याच्या अंगावरील पट्ट्यांची उपमा देण्याची रीत होती.

लाळ-खुरकतीतही तोंड येते, परंतु तीत खुरांच्या बेचक्यात फोड असतात आणि जनावर लंगडते; घटसर्पात गळा सुजतो व घुरघुर ऐकू येते. बुळकांडीत पाय आणि गळा दोन्ही निर्दोष असत. भारतातील सपाटीवरची देशी गुरे या रोगाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडून काहीशी चिवट झालेली असल्याने त्यांतील पुष्कळ वाचत. डोंगरी गुरे, म्हशी आणि विलायती रक्ताची संकरित जनावरे मात्र सहज बळी पडत. रोगावर औषध असे कधीच सापडले नाही. गावोगाव मरीआईला साकडे घातले जाई. शास्त्राजवळही, निदान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, याहून खात्रीचा इलाज नव्हता, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

यूरोपात या रोगाने राज्यकर्त्यांना जे शिकवले ते कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नसते. १७११ पासून इटलीत साथ माजली तेव्हा पोपचे वैद्य जोव्हान्नी लान्चीसी यांनी आजारी गुरे मारून चुन्यासह पुरावीत, गुरांची ने-आण बंद करावी आणि हुकूम मोडणारास कठोर शासन करावे, असा सल्ला दिला. साथरोगांच्या सरकारी बंदोबस्ताचा तो एक आद्य जाबता म्हणता येईल. फ्रान्समध्ये क्लोद बूर्जला यांना ल्यों येथे पशुवैद्यकाची पहिली शाळा काढण्यास १७६१ मध्ये राजाज्ञा मिळाली, तिच्यामागेही गुरांच्या मरीचा धाक होता. आणि गंमत अशी, की बूर्जला स्वतः अश्वविद्येचे आचार्य होते. आफ्रिकेत हा रोग १८८७ च्या सुमारास इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरे हिंदुस्थानातील होती, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. पुढील दहा वर्षांत त्याने इथिओपियापासून केपपर्यंतचा मुलूख उजाड केला. इथिओपियातील नव्वद टक्के गुरे गेली. नांगराला बैल न उरल्याने जो दुष्काळ पडला त्यात देशाची एक-तृतीयांश प्रजा नष्ट झाली, असा एक अंदाज आहे. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे वाटेत अँटवर्प बंदरात उतरवली गेली, तेथून बेल्जियममध्ये साथ फुटली आणि त्या धसक्याने १९२४ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन झाले. आपल्या देशाने जगाला काय काय दिले याच्या याद्या करण्याचा छंद असणाऱ्यांनी ही निर्यातही ध्यानात ठेवावी.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारची नजर प्रथम घोड्यावर होती, बैलावर नव्हती. रिसाल्याला घोडे आणि तोफखान्याला खेचरे हवी होती. पशुवैद्य हा बहुधा लष्करी अंमलदार असे आणि घोडेपैदास हे त्याचे मानाचे काम समजले जाई. रयतेचा बैल मेला तर शेतसारा बुडतो, हा हिशेब सरकारदप्तरी उमटण्यास वेळ लागला. १८७१ मध्ये गुरांच्या मरीचा तपास करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष हॅलन हे मुंबई इलाख्याच्या लष्करातील पशुवैद्य होते, आणि पुढे तेही घोडेपैदास खात्याचेच प्रमुख झाले. आयोगाच्या शिफारशी बराच काळ दप्तरात राहिल्या. अखेर ९ डिसेंबर १८८९ रोजी पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तत्पूर्वी तीन वर्षे, १८८६ मध्ये, मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले होते. पुण्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी बुळकांडीइतकेच लक्ष घोड्यांच्या सरा रोगाकडे दिले, ही गोष्टही त्या काळच्या अग्रक्रमाची साक्ष देते. एवढे जहाल रोगविष भरवस्तीजवळ बाळगणे धोक्याचे वाटल्याने १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँतील मुक्तेश्वरच्या एकाकी डोंगरावर हलवण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था ती हीच. तिचे जन्मस्थान पुणे होय, याचा पुणेकरांनाही बहुधा विसर पडला आहे.

रॉबर्ट कॉख यांनी दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे, बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावरास टोचून प्रतिकारशक्ती आणण्याचा प्रयोग केला होता. १८९७ मध्ये प्लेगच्या निमित्ताने ते मुंबईस आले तेव्हा मुक्तेश्वरलाही गेले. पित्ताची रीत टिकली नाही. रोगमुक्त जनावरांच्या रक्तापासून काढलेला प्रतिकारक रक्तरस, म्हणजे पशुवैद्यांच्या बोलीतले ‘सीरम’, मुक्तेश्वरी १८९९ पासून तयार होऊ लागला. त्याचे संरक्षण फार तर दोन आठवड्यांचे. त्यामुळे एका बाजूस सीरम आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष रोगी रक्त टोचण्याची जोडपद्धती निघाली. तिने जन्माचे संरक्षण मिळे, पण त्या रक्ताबरोबर गोचीडतापासारखे इतर रोगही जनावरात शिरत. ही कोंडी जे. टी. एडवर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरीच फोडली. विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेला असता त्याची गुरांविषयीची जहाली उतरते, मात्र प्रतिकारशक्ती आणण्याचा गुण कायम राहतो, हे त्यांच्या ध्यानी आले. शेळीच्या प्लीहेपासून केलेली ही लस देशी गुरांना उत्तम मानवे. डोंगरी व संकरित जनावरांना ती तीव्र पडे, आणि त्यांच्यासाठी सशात वाढवलेली, जपानी संशोधक नाकामुरा यांच्या वाणाची लस वापरावी लागे.

यूरोपने रोगी गुरे मारून रोग हटवला. तो मार्ग येथे धर्मभावनेमुळे बंद होता आणि, तितकेच महत्त्वाचे, नुकसानभरपाईला पैसा नसल्यामुळेही बंद होता. तेव्हा सारी भिस्त लसीवर ठेवून १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. ऐंशी टक्के गुरे टोचली म्हणजे साखळी आपोआप तुटेल, असा त्यामागील हिशेब होता. दवंडी पिटलेली, चावडीपुढे दोराने अडवलेली गुरे धुळीत उभी. झाडाखाली पशुधन पर्यवेक्षक बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी काढून तिच्यातील कोरडी भुकटी मिठाच्या थंड, निर्जंतुक पाण्यात कालवतो आहे, आणि ती उन्हाने निकामी होण्याआधी शेवटचे जनावर टोचून व्हावे म्हणून शिंगे धरणाऱ्या पोरांवर ओरडतो आहे, असे ते दृश्य असे. ज्याच्या म्हशीचे दूध दोन दिवस घटले तो पुढल्या वर्षी दवंडी ऐकताच जनावरे रानात हाकलून देई. साथी झपाट्याने कमी झाल्या, हे खरे. पण रोग गेला नाही. जी गुरे हाती लागत तीच दरवर्षी टोचली जात, आकडे भरत, आणि नवी वासरे, भटके कळप व दूरच्या वाड्या तशाच राहत. दक्षिणेकडील राज्यांत विषाणू दशकानुदशके रेंगाळला. उद्दिष्टाची टक्केवारी आणि रोगाचा ठावठिकाणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे खात्यांना उशिरा उमगले.

वॉल्टर प्लाउराइट यांनी केन्यातील प्रयोगशाळेत वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेली लस १९६० च्या सुमारास सिद्ध केली. ती स्वस्त होती, सर्व जातींच्या व वयांच्या गुरांना निर्धोक होती आणि एका टोचणीने जन्माचे काम भागे. या लसीबद्दल त्यांना १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात १९९२ पासून यूरोपीय संघाच्या साहाय्याने मोहिमेचा रोख बदलला: सरसकट टोचणीऐवजी रोग शोधणे, सरहद्दीवरील तपासणी नाके, रक्तनमुन्यांची परीक्षा. पुढची पायरी सर्वांत धाडसाची होती. टोचलेल्या आणि रोगातून उठलेल्या जनावरांच्या रक्तात फरक करता येत नसल्याने, रोग उरला नाही हे सिद्ध करायचे तर लस टोचणेच थांबवावे लागे. ज्या खात्याने चाळीस वर्षे लसीवाचून दुसरे काही सांगितले नव्हते, त्यानेच ती बंद करण्याचा हुकूम काढावा, हे अनेक जुन्या पशुवैद्यांना रुचले नाही. तथापि १९९५ नंतर देशात रोग दिसला नाही आणि २००६ मध्ये भारत संसर्गमुक्त ठरला. जगातील अखेरची नोंद २००१ मध्ये केन्यातील रानरेड्यांत झाली. मे २०११ मध्ये पॅरिस येथे व जूनमध्ये रोम येथे निर्मूलनाची घोषणा झाली. विषाणूचे साठे अद्याप मोजक्या प्रयोगशाळांत कुलूपबंद असून, इंग्लंडमधील पिरब्राइट संस्थेने आपला साठा २०१९ मध्ये नष्ट केला.

बुळकांडीचा धाकटा भाऊ मात्र हयात आहे. शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर हा रोग त्याच प्रजातीच्या दुसऱ्या विषाणूमुळे होतो. त्यातही तोंड येते, नाक वाहते, जुलाब लागतात, आणि शिवाय फुप्फुसदाह होतो. भारतात त्याची निश्चित ओळख १९८७ मध्ये तमिळनाडूत पटली. तत्पूर्वी शेळ्यांतील बुळकांडी म्हणून नोंदलेल्या कित्येक साथी वस्तुतः याच रोगाच्या असाव्यात. महाराष्ट्रातील मेंढपाळ पावसाळा संपताच कळप घेऊन घाटमाथा आणि कोकणपट्टीकडे निघतात, आणि एका टोचणीत कित्येक वर्षे पुरणारी लस उपलब्ध असूनही, वाटेवर नेमका कोणता कळप टोचायचा राहिला आहे, हे पशुवैद्यकीय दवाखान्याला बहुधा पहिली शेळी शिंकू लागल्यावरच कळते.