इंजिनाच्या शक्तीचे विद्युत दूरनियंत्रण : कल्याण–कर्जत लोहमार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना

उल्हासनगर कॅम्प नं. ३ ला लागून असलेल्या उल्हासनगर स्थानकातून कल्याण–कर्जत लोहमार्ग जातो. या मार्गावरील उपनगरी गाडीचा मोटरमन पुढच्या टोकाला बसून एकच मूठ फिरवतो आणि मागे दूरवर असलेल्या मोटार डब्यांतील यंत्रे तत्क्षणी ती आज्ञा पाळतात. याच मार्गाने पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत येथे मागून बँकर इंजिने जोडली जातात. त्यांत मात्र स्वतंत्र चालक असतो. हा भेद समजून घ्यावयाचा तर दोन प्रश्न विचारावे लागतात. दूरच्या यंत्रापर्यंत आज्ञा कशी पोहोचते? आणि ती पोहोचेनाशी झाली तर यंत्र काय करते? प्रस्तुत लेखात दूरनियंत्रणाच्या इतिहासाचा या दोन प्रश्नांच्या आधारे विचार केला आहे.

मनुष्यामार्फत नियंत्रण

विजेपूर्वी दूरनियंत्रणाचे साधन माणूसच होता. मुंबई बंदरातील लाँचवर सारंग सुकाणूपाशी उभा असतो आणि इंजिन खाली असते. दोरी ओढून वाजविलेल्या घंटेचे ठोके ऐकून खालचा माणूस वेग कमी-जास्त करतो, अशी व्यवस्था तेथे रूढ झाली. बोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. घाटाचा तीव्रतम चढ ३७ फुटांस १ फूट आहे. तेथे पुढील व मागील इंजिनांचे चालक शिटीच्या ठरीव इशाऱ्यांनी परस्परांशी मेळ राखीत. या पद्धतीत एक उणीव होती. इशारा ऐकू आला नाही तर यंत्र आधीच्याच आज्ञेप्रमाणे चालत राही. तिचे बळही त्याच माणसात होते, कारण तो स्वतः परिस्थिती पाहून निर्णय घेऊ शके.

तारेतून जाणारी आज्ञा

फ्रँक स्प्रेग या अमेरिकी अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी बहुघटक नियंत्रणाची पद्धती सिद्ध केली. मोटारींना लागणारा मोठा प्रवाह चालकाच्या मुठीतून न नेता, डब्याडब्यांतून ओढलेल्या तारांमधून केवळ अल्प आज्ञाप्रवाह पाठवावयाचा, हे तिचे तत्त्व होय. भारतातील पहिली विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. पुढे नऊ डब्यांच्या उपनगरी गाडीत तीन मोटार डबे एका मुठीच्या आज्ञेत चालू लागले. मोटरमनचा हात मुठीवरून सुटल्यास वीज तुटून ब्रेक लागावेत, अशी योजनाही त्या मुठीतच केलेली असते.

डिझेल इंजिनाचा थ्रॉटल

डिझेल-विद्युत इंजिनात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. इंधन आणि जनित्र या दोहोंचा मेळ घालणे आवश्यक होते. हर्मन लेम्प यांनी १९१४ च्या सुमारास एकाच मुठीने हे साधणारी पद्धत मांडली. भारतात १९६२ मध्ये आलेल्या आणि १९६४ पासून वाराणसी येथे बांधल्या जाऊ लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २,६०० अश्वशक्तीच्या इंजिनांत थ्रॉटलच्या आठ पायऱ्या, म्हणजे नॉच, असत. इंजिनाचे फेरे मिनिटाला ४०० पासून १,००० पर्यंत वाढत. कल्याणच्या डिझेल शेडमधील कर्मचाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या परिचयाची ही इंजिने होत.

वुडवर्ड पद्धतीच्या गव्हर्नरमध्ये विजेची चार वेटोळी असतात. चालकाची मूठ कोणत्या नॉचवर आहे त्यानुसार त्यांतील काही वेटोळ्यांना वीज मिळते आणि त्यांच्या जुळणीतून वेग ठरतो. दोन इंजिने जंपर केबलने जोडली की तीच आज्ञा दुसऱ्यासही मिळते, व एकच चालक पुरतो. चारही वेटोळ्यांची वीज गेल्यास इंजिन बंद पडत नाही, ते मंद गतीवर येते. ते फिरते राहिल्याने त्याच्या आधारे चालणारा हवेचा कॉम्प्रेसर ब्रेकसाठी हवा भरत राहतो. इंजिन बंद करण्याची आज्ञा देण्यास मात्र वीज लागते. आज्ञा थांबणे आणि थांबण्याची आज्ञा देणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या रचनेत स्पष्ट दिसते.

घाटाची मर्यादा

तार ही सलग जोडलेल्या इंजिनांपुरतीच उपयोगी पडते. मधल्या साध्या डब्यांतून आज्ञेची तार नसल्याने गाडीच्या शेपटीला असलेल्या बँकरपर्यंत पुढच्या चालकाची मूठ पोहोचत नाही. म्हणून घाटात मागचा चालक टिकून राहिला. रेडिओद्वारे हे अंतर ओलांडण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकात आली आणि पुढे भारतीय रेल्वेनेही लांब मालगाड्यांसाठी ती अवलंबिली. परंतु बोगद्यात रेडिओसंपर्क तुटू शकतो. संपर्क तुटल्यास मागील इंजिनाने काय करावे हे आधीच ठरवून ठेवणे, हा अशा यंत्रणेचा गाभा होय.

अवजड मोटारींतही हाच प्रश्न उद्भवला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या ट्रकमध्ये ॲक्सिलरेटर व इंजिन यांत विद्युत संकेताचा दुवा असतो. पेडलची स्थिती दोन स्वतंत्र संवेदकांनी मोजली जाते. त्यांत विसंगती आढळल्यास नियंत्रक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो.

निष्कर्ष

दूरनियंत्रणाचा इतिहास सामान्यतः अंतरावरील विजयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कल्याण–कर्जत मार्गाचा अनुभव त्यास पुरवणी जोडतो. घंटा ऐकणाऱ्या माणसाकडे विवेक होता. तारेकडे तो नाही. माणूस हटविताना त्याचा विवेक यंत्राच्या रचनेत आगाऊ घालावा लागला. मोटरमनच्या मुठीतील ब्रेक, गव्हर्नरची मंद गती आणि पेडलचे दोन संवेदक ही त्याचीच तीन रूपे होत. जेथे तो पुरेसा घालता आला नाही, तेथे माणूस कायम राहिला. कर्जतच्या बँकरमधील चालकाची जागा या दृष्टीने पाहावयास हवी.