पांदणीत गाडी फसली? आधी काय बदलायचं ते पाहा

मागच्या पावसाळ्यात पांढरकवड्याजवळच्या एका पांदणीत माझी छोटी फोर-बाय-फोर अर्ध्या चाकापर्यंत रुतली. शेजारच्या शेतातल्या काकांनी ट्रॅक्टरने ओढून काढली, पण दोर बांधलेला हुक वाकला. तुटला असता तर गोळीसारखा उडाला असता. त्यामुळे माझा अपग्रेडचा क्रमच बदलला.

1. रिकव्हरी पॉइंट: चासीला बोल्ट केलेला, क्षमता कोरलेला घ्या. ट्रकवर गाडी बांधायची कडी ओढायला वापरू नका. ओढताना सगळ्यांना लांब उभं करा.

2. टायर: आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीतच समजा. एटी टायर रोजच्या वापराला बरे. चिखल झटकायला रुंद खाचांचे एमटी लागतात. पण डांबरी रस्त्यावर ते जास्त आवाज करतात.

3. माप: व्यास 27 वरून 29 इंच केला तर क्लिअरन्स फक्त 1 इंच वाढतो. उलट, आधी अचूक असलेला स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 64 च्या वर असेल.

4. कंप्रेसर: मऊ जमिनीवर हवा कमी केली, तर डांबरी रस्त्यावर येताच परत भरायला हवा.

लिफ्ट किटचा विचार शेवटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, म्हणून आधी आरटीओत विचारा.