उंबरठ्यावरचे माप

आपल्यापैकी बहुतेक भगिनी उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून सासरी आल्या. त्या मापाची कुळकथा मात्र फार थोड्या जणींना ठाऊक असेल. ती थोडक्यात सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पूर्वी धान्य तोलून नव्हे, तर मापून देत-घेत असत. पाव शेराचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. खळ्यावर मापणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. माप भरल्यावर काठाच्या वर धान्याची जी निमुळती रास राही, ती शीग. माप शिगेसह द्यायचे की हात फिरवून सपाट करून द्यायचे, यावर मूठ-दोन मुठींचा फरक पडे. दिवसभर कापणी करून संध्याकाळी मजुरीचे धान्य पदरात घेणाऱ्या बाईला त्या मुठींचे मोल बरोबर कळे. आज आपला उत्साह 'शिगेला पोहोचतो', तो याच मापाच्या काठावरून!

सोनाराचा हिशेब याहून नाजूक. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे वेलीवरचे इवलेसे लाल-काळे बी. तराजूचे एक पारडे हलके असले, तर दांडी समतोल करण्यासाठी त्या बाजूला जो खडा बांधीत, तो पासंग. 'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही' असे आपण सहज म्हणतो. त्यामागे हा खडा आहे.

परंतु जुने ते सगळेच सोने नव्हते. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा, तर चाळीस शेरांचा सरकारी मण सुमारे ३७.३ किलोंचा. नाव एक, पण भार जवळजवळ तिप्पट! गावोगावची पायलीही सारखी नसे. पेशवाईत वजनेमापे तपासण्याचे काम कोतवालाकडे असे, यावरून 'मापात पाप' किती चालत असावे याची कल्पना येते. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले. निरक्षर गिऱ्हाइकालाही सर्वत्र एकच वजन मिळू लागले, ही मोठीच सोय झाली.

मात्र त्यानंतर पितळेची, तांब्याची जुनी मापे अक्षरशः मोडीत निघाली. घरोघरच्या अशा वस्तूंचे मोल ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर अग्रगण्य होत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दारे गोळा केली. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी पुष्कळांनी जपल्या. बायकांच्या हातांनी झिजलेल्या वस्तूही इतिहास आहेत, हे या संग्रहालयाने दाखवून दिले.

तरीही संग्रहालयाच्या कपाटातले मापटे आपणहून बोलत नाही. ते कोणत्या गावचे, कोणाच्या खळ्यावरचे, त्याने मजुरी मापली की देवाचा नैवेद्य, हे सांगणारे माणूस गेले की उरतो तो नुसता पितळेचा डबा. आपल्या घरातल्या आजी, मावशी, आत्या यांना ही माहिती अजून आहे. तेव्हा भगिनींनो, माळ्यावरचे जुने माप भांडीवालीला देण्यापूर्वी त्याची हकीकत त्यांना विचारा, चार ओळींत लिहून त्या मापातच ठेवा. आपल्या मंडळाने येत्या वर्षी अशा वस्तूंचे एक दिवसाचे प्रदर्शन भरविले, तर निम्मे संग्रहालय आपल्या गल्लीतच सापडेल.

घरात येताना आपण माप ओलांडले. त्याची आठवण मात्र ओलांडून जाऊ नये.